कानातले खडे विरघळतात कसे, आणि मग चक्करेसाठी ऑपरेशन करायचं तरी कोणाचं?

कूस बदलली की खोली गरगर फिरते, अर्धा मिनिट फिरते, थांबते, आणि उठून बसलं की परत फिरते. एवढं एक वाक्य पेशंटने नीट सांगितलं तर ईएनटीवाल्या डॉक्टरला तपासायच्या आधीच अंदाज येतो की हा बहुतेक बीपीपीव्ही असणार. पण आपल्याकडे हे वाक्य असं सांगतं कोण, आपण "चक्कर येतेय" एवढंच सांगतो आणि मग घरातले सगळेच डॉक्टर होतात, कोणी म्हणतं पित्त चढलंय, कोणी म्हणतं बीपी चेक कर, कोणी म्हणतं उपास बंद कर आधी, आणि शेवटी मानेचे मणके घासलेत असं ठरून गळ्यात पट्टा येतो. माझ्या मावशीच्या गळ्यात तो कित्येक महिने होता, मान एकदम सरळ आणि चक्कर जिथल्या तिथे. कारण भानगड मानेत नव्हतीच, कानात होती, आणि कानात म्हणजे तरी कुठे, तर टॉर्च मारून काही दिसत नाही अशा अगदी आतल्या भागात.

बीपीपीव्ही हे एका लांबलचक इंग्रजी नावाचं छोटं रूप. त्यात जीवाला धोका नाही, चक्कर अचानक येते, आणि डोक्याची पोझिशन बदलली की येते, एवढं सगळं त्या नावात कोंबलंय. दुर्मिळ तर अजिबात नाही. जर्मनीत 2007 साली छापून आलेल्या एका सर्व्हेत 2.4 टक्के मोठ्या माणसांना आयुष्यात कधी ना कधी हे होऊन गेलेलं होतं. पन्नाशीनंतर जास्त, बायकांमध्ये जास्त, डोक्याला मार लागल्यावर किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळून राहिल्यावरही होतं. दोरीवर कपडे वाळत घालताना, माळ्यावरचा डबा काढताना, पार्लरमध्ये केस धुवायला मान मागे टाकली की, डेंटिस्टच्या खुर्चीत आडवं झालं की, असे ठरलेले प्रसंग. एकंदरीत मान वर किंवा मागे गेली की झालंच.

आता आत काय चाललेलं असतं ते बघू, कारण ते कळल्याशिवाय पुढची ते खडे, म्हणजे क्रिस्टल, नाहीसे होण्याची गोष्ट डोक्यात शिरणार नाही.

आपल्या आतल्या कानात ऐकण्याचा भाग वेगळा आणि तोल सांभाळण्याचा भाग वेगळा. तोलाच्या भागात दोन छोट्या पिशव्या आहेत आणि तीन अर्धगोल नळ्या आहेत, एक मागची, एक वरची आणि एक आडवी. पिशव्यांचं काम म्हणजे जमीन कुठे आहे ते सांगणं, आपण सरळ आहोत की कललोय, गाडी सुटली की ब्रेक लागला, हे सगळं तिथून कळतं. त्यासाठी पिशवीत जेलीसारखा एक थर असतो आणि त्याच्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक बारीक क्रिस्टल असतात, नारळाच्या वडीवर पिस्त्याचा भुगा चिकटवावा तसे. हे कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे कॅल्साइट, संगमरवर आणि चुनखडीत जे असतं तेच, फक्त इथे आत प्रोटीनची जाळी असते आणि साइझ साधारण 10 मायक्रॉन, काही त्याहून लहान, काही तिपटीपर्यंत मोठे. आजूबाजूच्या पाण्यापेक्षा हे क्रिस्टल अडीच-पावणेतीन पट जड, त्यामुळे डोकं कललं की ते त्या बाजूला ओढले जातात, जेली सरकते, खालच्या पेशींचे केस वाकतात आणि मेंदूला मेसेज जातो.

नळ्यांचं काम वेगळं. त्यांना खाली-वर काही कळत नाही, त्यांना फक्त फिरणं कळतं. नळीत एंडोलिम्फ नावाचं पाणी भरलेलं असतं, नळीच्या एका टोकाला फुगीर भागात एक मऊ पडदा असतो, त्याचं नाव क्युप्युला. डोकं फिरलं की पाणी मागे राहतं, पडदा वाकतो, मेंदूला कळतं की आपण फिरतोय. डोकं थांबलं की सगळं परत जागेवर. मस्त व्यवस्था आहे, फक्त एक अट आहे की नळीत जड काही पडलेलं नसावं.

आणि वयाने म्हणा, मार लागून म्हणा, पिशवीतले क्रिस्टल सुटतात आणि त्यातले काही नळीत शिरतात. मग जी नळी फक्त फिरणं ओळखायची तिला अचानक गुरुत्वाकर्षणही जाणवायला लागतं. तुम्ही आडवे झालात, डोकं थांबलं, पण नळीतले क्रिस्टल अजून खाली घरंगळतायत, पाणी ओढतायत, पडदा वाकलेलाच आहे, म्हणजे मेंदूला मेसेज काय, तर बाबा आपण अजून फिरतोच आहोत. डोळे त्याप्रमाणे हलतात आणि खोली फिरते.

सगळ्यात जास्त वेळा हे मागच्या नळीत होतं, कारण ती सर्वात खाली असते, उभे असा नाहीतर झोपलेले असा, सुटलेला माल तिथेच उतरतो. आणि एका टोकाला तो पडदा आडवा असल्यामुळे तिकडून बाहेर पडायला वाट नाही, ज्या तोंडाने आत गेला त्याच तोंडाने बाहेर यायचं, ते तोंड वरच्या बाजूला. आडव्या नळीत गेलेले क्रिस्टल त्यामानाने लवकर निघून जातात, झोपेत कूस बदलता बदलताच.

हे ओळखायची टेस्ट एकदा तरी बघावी अशी आहे. पेशंटला कॉटवर बसवतात, डोकं एका बाजूला 45 अंश वळवतात आणि पटकन मागे आडवं करतात, डोकं कॉटच्या कडेबाहेर थोडं खाली. डोळे उघडे ठेवायला सांगतात. पहिले काही सेकंद काहीच होत नाही, पेशंट म्हणतो ठीक आहे, आणि मग एकदम डोळे हलायला लागतात, म्हणजे नुसते डावी-उजवीकडे नाही, डोळा स्वतःभोवतीच झटके देत वळतो, खालच्या कानाकडे, सोबत थोडा वर, पांढऱ्या भागावरच्या लाल शिरांकडे बघितलं की ते वळणं अगदी स्पष्ट दिसतं. पेशंट कॉट घट्ट पकडतो, कोणी ओरडतं, कोणाला उलटीचं होतं. मग झटके मंदावतात आणि एका मिनिटाच्या आत बंद. उठवून बसवलं की उलट्या दिशेने थोडे झटके. लगेच परत केलं की या वेळी कमी. मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक या लंडनच्या दोघांनी 1952 साली हे सगळं नीट लिहून ठेवलं, आणि टेस्टला आजही त्यांचंच नाव आहे.

खरं तर त्यांच्याही आधी, 1921 मध्ये, रॉबर्ट बारानी यांनी अशा एका बाईची केस लिहिली होती. हे बारानी म्हणजे कानाच्या तोलावरच्या कामासाठी 1914 चं नोबेल मिळालेले, आणि नोबेलची बातमी आली तेव्हा ते पहिल्या महायुद्धातले कैदी म्हणून रशियाच्या छावणीत होते. असो.

प्रॉब्लेम असा होता की लक्षणं सगळ्यांनी बरोबर लिहिली पण कारण कोणालाच पटेल असं सांगता येत नव्हतं. 1969 मध्ये हॅरोल्ड शुकनेक्ट यांनी, हे अमेरिकेत बॉस्टनचे, मेलेल्या पेशंटच्या कानाच्या हाडांचे पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली बघितले आणि त्यांना मागच्या नळीच्या त्या पडद्यावर काहीतरी साचलेलं दिसलं. ते म्हणाले, क्रिस्टल सुटून पडद्याला चिकटतात, पडदा जड होतो, म्हणून चक्कर. बरीच वर्षं हेच चाललं. पण विचार केला तर यात भोकं आहेत. पडदा जड झाला असेल तर आडवं झाल्या झाल्या चक्कर यायला हवी, मधले ते काही सेकंद शांत का? आणि जोपर्यंत आडवे आहोत तोपर्यंत पडदा वाकलेलाच राहणार ना, मग मिनिटाच्या आत थांबते का? आणि दुसऱ्यांदा केल्यावर कमी का होते?

1979 साली कॅनडातल्या ऑन्टॅरिओमधून हॉल, रुबी आणि मॅक्लुअर यांनी वेगळं सुचवलं की क्रिस्टल चिकटलेले नाहीतच, ते नळीत मोकळे फिरतायत. आता बघा कसं सगळं जुळतं. काही सेकंद शांत, कारण क्रिस्टलना हलून वेग घ्यायला वेळ लागतो. मिनिटाच्या आत बंद, कारण ते नळीच्या तळाला जाऊन थांबले. बसल्यावर झटके उलट्या दिशेने, कारण ते परत मागे घरंगळले. दुसऱ्यांदा कमी, कारण एकत्र असलेला गठ्ठा पांगला. मला विज्ञानातला हा प्रकार फार आवडतो, एकच साधी गोष्ट मानली की चार कोडी एकदम सुटतात. पण कागदावर जुळणं वेगळं आणि कोणी डोळ्यांनी बघणं वेगळं, आणि जिवंत माणसाच्या आतल्या कानात डोकावणार कोण?

इथे ऑपरेशनची एंट्री होते.

त्या काळात वर्षानुवर्षं चक्कर न थांबणाऱ्या पेशंटसाठी एकच ऑपरेशन होतं, रिचर्ड गॅसेक यांनी 1974 मध्ये मांडलेलं. मागच्या नळीकडून मेंदूकडे जाणारी बारीक नस कापायची, म्हणजे नळीने काहीही मेसेज पाठवला तरी पोचणारच नाही. ऐकायला सोपं, पण ती नस सापडणं म्हणजे महाकठीण, ऐकण्याच्या भागाला अगदी खेटून, हात चुकला तर त्या कानाने ऐकू येणं बंद. त्यामुळे जगात मोजकेच सर्जन ते करायचे, आणि जे करायचे त्यांच्याबद्दल बाकीचे आदराने आणि थोडं घाबरून बोलायचे.

कॅनडातल्याच लॉर्न पार्न्स आणि मॅक्लुअर यांनी विचार केला की नस कशाला कापायची, नळीच बंद करून टाकू. नळीत पाणीच हललं नाही तर पडदा वाकणार नाही, क्रिस्टल आत असले काय नसले काय, फरक पडणार नाही. पण आतल्या कानाची नळी उघडली की कान बहिरा होतो असं तेव्हा सगळे सर्जन धरून चालायचे, म्हणून त्यांनी आधी गिनीपिगवर करून बघितलं की ऐकण्यावर काय परिणाम होतो. मग माणसात पहिल्यांदा केलं ते आधीच ऐकू न येणाऱ्या कानात, म्हणजे गमवायला काही नाही, ते 1990 मध्ये छापलं. पुढच्याच वर्षी व्यवस्थित ऐकू येणाऱ्या कानातल्या केसेस. इतकं बिचकत बिचकत, एक एक पायरी करत जाणं मला फार शहाणपणाचं वाटतं, विशेषतः आजार असा की त्याने माणूस मरत नाही. जीवावरच्या आजारात सर्जनला रिस्क घ्यायला थोडी मुभा असते, इथे नाही, इथे पेशंट चालत आलाय आणि ऐकू येत असताना आलाय.

ऑपरेशन करतात कसं तेही सांगतो. पूर्ण भूल देऊन कानामागे चीर घेतात, कानामागचं जे टणक हाड हाताला लागतं ते मायक्रोस्कोपखाली ड्रिलने कोरत आत जातात. मागची नळी अजून टणक हाडात असते, ते हाड हळूहळू पातळ करत गेलं की एक निळसर रेघ दिसायला लागते, ती दिसली की समजायचं नळी आली. मग तिथे मिलिमीटरभर रुंद आणि दोन-तीन मिलिमीटर लांब अशी खिडकी. आत हाडाच्या नळीच्या आत अजून एक पडद्याची नळी असते, साधारण 0.3 मिलिमीटरची, ती फाटता कामा नये, आणि भोवतीचं पाणी सक्शनने ओढायचं नाही, चुकूनही नाही, नाहीतर ऐकणं गेलंच. मग ड्रिल करताना निघालेला हाडाचाच भुगा, त्यात ग्लूसारखं फिब्रिन मिसळून त्याचं बूच करतात आणि खिडकीतून दाबून बसवतात, आतली पडद्याची नळी त्याने चेपली जाते आणि पाण्याची ये-जा बंद. वरून स्नायूवरचं पातळ आवरण लावून टाके.

आणि हे करतानाच, खिडकी उघडल्यावर, पार्न्स आणि मॅक्लुअर यांना काही पेशंटच्या त्या पारदर्शक पडद्याच्या नळीत पांढरे कण मोकळे तरंगताना दिसले. मायक्रोस्कोपखाली, जिवंत माणसाच्या कानात. 1992 मध्ये त्यांनी ते छापलं. तेरा वर्षांपूर्वीचा अंदाज डोळ्यांसमोर आला. पुढे 1997 मध्ये अमेरिकेतल्या वेलिंग यांच्या टीमनेही अशा ऑपरेशनमध्ये कण बघितले आणि काही बाहेर काढून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तपासले तर ते झिजलेल्या कानातल्या क्रिस्टलसारखेच दिसले.

योगायोग असा की त्याच 1992 मध्ये जॉन एप्ली यांचा पेपर आला. एप्ली अमेरिकेत ऑरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडचे. त्यांचं म्हणणं, क्रिस्टल मोकळे आहेत ना, मग डोकं ठराविक क्रमाने फिरवून ते घरंगळत घरंगळत नळीच्या तोंडातून परत पिशवीत सोडता येतील. 1980 पासून ते हे कॉन्फरन्समध्ये करून दाखवत होते आणि लोक विश्वास ठेवत नव्हते, इतका त्रासदायक आजार आणि उपाय काय तर डोकं फिरवा, पेपरही परत यायचे. उजव्या कानाचं असेल तर आधी डोकं उजवीकडे 45 अंश वळवून मागे आडवं करायचं, डोकं जरा खाली, चक्कर थांबेपर्यंत तसंच, मग डोकं 90 अंश डावीकडे, थांबायचं, मग अख्ख्या अंगाने डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, परत थांबायचं, आणि मग हळूच उठून बसायचं. सगळं मिळून पाचेक मिनिटं. एक-दोन वेळा केल्यावर 10 पैकी 8 च्या आसपास लोकांची चक्कर जाते. गोळी नाही, सुई नाही.

म्हणजे झालं काय, ऑपरेशनमुळेच पक्कं कळलं की कण मोकळे आहेत, आणि कण मोकळे आहेत हे पक्कं झाल्यावर त्या ऑपरेशनची गरजच बहुतेकांना उरली नाही. पार्न्स यांनी स्वतःही पुढे एप्लीची पद्धत वापरली आणि त्यावर लिहिलं, याचं मला कौतुक वाटतं.

आता प्रश्न क्रिस्टलचा. एप्ली करून ते पिशवीत परत आले, पुढे? परत जेलीला जाऊन चिकटतात का? तसा पुरावा नाही. आणि दुसरं म्हणजे ज्यांनी काहीच केलं नाही तेही बरेच जण बरे होतात. जपानमध्ये उपचार न केलेल्या पेशंटवर नजर ठेवून 2005 मध्ये एक अभ्यास छापला गेला, त्यात मागच्या नळीवाल्यांना बरं व्हायला सरासरी 39 दिवस लागले आणि आडव्या नळीवाल्यांना 16. (सरासरी हं, कोणाचं आठवड्यात उरकलं आणि कोणाचं तीन महिने चाललं.) आडव्या नळीचं एक समजू शकतो, क्रिस्टल आपोआप बाहेर पडले. पण मागच्या नळीतून ते चढून वर जाणार कसे?

इटलीत पाविया विद्यापीठातल्या झुक्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये याचा सरळ प्रयोग केला. बेडकाच्या कानातले क्रिस्टल घेतले आणि एंडोलिम्फसारख्या पाण्यात ठेवून मायक्रोस्कोपखाली बघत बसले. ते विरघळले. साधारण 20 तासांत गायब. याचं कारण असं की एंडोलिम्फ हे शरीरातल्या बाकी पाण्यांसारखं नाही, त्यात पोटॅशियम भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाहीच, रक्तात जेवढं असतं त्याच्या कितीतरी पट कमी. अशा कॅल्शियमला भुकेल्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेटचा खडा पडला की तो झिजणारच, केमिस्ट्रीचा साधा नियम आहे. मग त्यांनी त्या पाण्यातलं कॅल्शियम वाढवत नेलं, तर विरघळायला 100 तासांच्या वर लागले, आणि अजून वाढवलं तर विरघळणं बंदच पडलं, खडे तसेच.

मला हा प्रयोग आवडतो पण त्यावर डोळे झाकून उड्या मारू नयेत. 20 तासांचं गणित माणसाच्या कानाला जसंच्या तसं लागू असतं तर सगळे पेशंट दुसऱ्या दिवशी ठणठणीत झाले असते आणि जपानचे 39 दिवस आलेच नसते. बेडूक वेगळा, डिश वेगळी, आणि कानात एकटा-दुकटा क्रिस्टल नसतो, गठ्ठा असतो, आतल्या बाजूला ताजं पाणी पोचायला वेळ लागतो, शिवाय वरून नवीन पडत असतील तर हिशोब अजून लांबतो. दुसरी एक जुनी बाजू अशीही आहे की पिशवीच्या भिंतीत डार्क सेल नावाच्या पेशी असतात, त्यांच्याजवळ अर्धवट झिजलेले क्रिस्टल मायक्रोस्कोपखाली दिसलेत, म्हणजे त्या पेशी ते गिळून किंवा विरघळवून साफ करत असाव्यात. बहुतेक दोन्ही चालत असेल. पण कॅल्शियम वाढलं की खडे टिकतात, हा पावियाचा मुद्दा पुढे फार कामाला आला.

तो कसा, तर हाडं ठिसूळ झालेल्या आणि व्हिटॅमिन डी कमी असलेल्या लोकांना बीपीपीव्ही जास्त होतो असं बऱ्याच ठिकाणी दिसत होतं. आतल्या कानातलं कॅल्शियम उपसून बाहेर टाकणारी जी यंत्रणा आहे ती चालायला व्हिटॅमिन डी लागतं. ते कमी पडलं की एकीकडे क्रिस्टल नीट बांधलेले राहत नाहीत आणि दुसरीकडे सुटलेले लवकर विरघळत नाहीत, असा डबल घोळ होत असावा असा तर्क. नुसत्या तर्कावर कोण गोळ्या देणार, म्हणून दक्षिण कोरियात आठ हॉस्पिटलांनी मिळून ट्रायल घेतली, 2020 मध्ये छापली, 957 पेशंट. आधी सगळ्यांची डोकं फिरवून चक्कर घालवली, मग एका गटात रक्तातलं डी तपासून ज्यांचं 20 च्या खाली होतं त्यांना दिवसातून दोनदा 400 युनिट व्हिटॅमिन डी आणि 500 मिलिग्रॅम कॅल्शियम, वर्षभर. दुसऱ्या गटात काहीच नाही. वर्षात परत चक्कर आली ती पहिल्या गटात 37.8 टक्क्यांना आणि दुसऱ्यात 46.7 टक्क्यांना. जादू नाही, पण फरक आहे, आणि ज्याला दर काही महिन्यांनी पंखा फिरताना दिसतो त्याला तेवढाही पुष्कळ. इथे कोणी म्हणेल अहो कॅल्शियम वाढल्यावर खडे विरघळत नाहीत म्हणालात ना, मग कॅल्शियमच्या गोळ्या कशाला? तर खाल्लेलं कॅल्शियम काही थेट कानात जाऊन साचत नाही, कानातलं प्रमाण कान स्वतः ठरवतो, पंप नीट चालले पाहिजेत एवढंच. आणि हो, ज्यांचं डी आधीच चांगलं आहे त्यांना त्या ट्रायलमध्ये गोळ्या दिलेल्याच नव्हत्या, तेव्हा हे वाचून केमिस्टकडे धावू नका.

धावण्यावरून आठवलं, घरी यूट्यूब बघून एप्ली करणाऱ्यांसाठी दोन शब्द. कोणता कान आणि कोणती नळी हे कळल्याशिवाय करण्यात अर्थ नाही, डाव्याचं उजव्याला केलं तर काहीच होत नाही, आणि क्वचित मागच्या नळीतले खडे आडव्या नळीत जाऊन बसतात, मग चक्कर अजून जोरात. मानेचं खरंच काही दुखणं असेल तर आधी डॉक्टर. आणि चक्करेसोबत बोलणं अडखळतंय, एकाचे दोन दिसतायत, हात-पाय लुळा वाटतोय, डोकं भयंकर दुखतंय, नीट उभंच राहता येत नाही, किंवा चक्कर पोझिशन न बदलताही तासन्‌तास चालूच आहे, तर हा लेख बंद करा आणि हॉस्पिटल गाठा, ते स्ट्रोकचं असू शकतं. उलट साधा बीपीपीव्ही असेल तर अमेरिकेतल्या ईएनटी डॉक्टरांच्या संघटनेच्या 2017 च्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट आहे की सरसकट स्कॅन करू नका, चक्कर दाबायच्या गोळ्या सरसकट देऊ नका, आणि एप्लीनंतर बसून झोपा, मान हलवू नका असली बंधनं घालू नका. आपल्याकडे मात्र आधी गोळ्यांची स्ट्रिप, मग एमआरआय, आणि डोकं फिरवणं सगळ्यात शेवटी, कधी कधी तेही नाही. गोळीने मळमळ कमी होते, मान्य, पण खडा काही हलत नाही.

मग ऑपरेशन आज कोणाचं करतात? फार म्हणजे फारच थोड्यांचं. एप्ली आणि बाकीचे प्रकार पुन्हा पुन्हा करून झालेत, नळी कोणती याची खात्री आहे, मेंदूत दुसरं काही नाही हे बघून झालंय, आणि तरी महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं चक्कर जात नाही किंवा सारखी परत येते, नोकरी सुटायची वेळ आलीय, अशा माणसांचं. नस कापण्याचं जुनं ऑपरेशन आता जवळपास मागे पडलं, नळीला बूच मारायचंच करतात. रिझल्ट चांगले सांगतात, बहुतेकांची ती चक्कर कायमची जाते. पण आकड्यांकडे बघताना एक लक्षात ठेवा, हे सगळे एकेका सर्जनचे थोड्या थोड्या केसेसचे रिपोर्ट आहेत, निम्म्यांचं केलं आणि निम्म्यांचं नाही केलं अशी तुलना कोणी केलेली नाही, आणि इतक्या कमी पेशंटमध्ये ती होणं अवघडच. ऑपरेशननंतर पहिले काही दिवस ते आठवडे तोल जातो, कारण मेंदूला एका नळीशिवाय चालायची सवय करायची असते, ऐकायलाही काही दिवस कमी येतं आणि बहुतेकांचं परत येतं. बहुतेकांचं, सगळ्यांचं नाही, आणि हे पेशंटला आधी सांगितलंच पाहिजे.

एवढ्या मेहनतीने बसवलेलं हे बूच वाया मात्र गेलं नाही. 1998 मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या लॉइड मायनर आणि त्यांच्या टीमने एक वेगळाच आजार लिहिला, त्यात वरच्या नळीवरचं हाड विरळ होऊन तिला भोक पडतं, मग मोठा आवाज झाला की चक्कर येते, काही जणांना तर स्वतःचे डोळे फिरतानाचा आवाज कानात ऐकू येतो. तिथे पाण्यात खडे नसतात, त्यामुळे एप्लीचा काही उपयोग नाही, आणि विरघळायला पण काही नाही. तिथे नळी बंद करणं हाच एक मुख्य उपाय आहे, आणि त्यासाठी सर्जन जे करतात ते जवळपास तेच, जे पार्न्स आणि मॅक्लुअर यांनी आधी गिनीपिगवर करून बघितलं होतं.